उजव्या हाताची मूठ

मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकायला मी हात उचलला, आणि तो खाली आलाच नाही. मांडवातले सगळे हात खाली आले, माझा एकट्याचा अर्धवट वर. नवरदेवाच्या मामाला वाटलं, या लग्नाला माझी काही हरकत आहे. तो माणसं ओलांडत माझ्याकडे आला.

"काऊन जी, काही बोलाचं आहे काय? बोलून टाका, पाव्हणे बसले आहेत."

मला बोलायचं होतं, पण दातखीळ बसली होती. शेवटी बायकांतून आमच्या हिचा आवाज आला, "अवो, त्याइचा खांदा निखळला! ते नाई म्हणून नाई राह्यले!" तेव्हा कुठे वाजंत्री पुन्हा सुरू झाली.

खांदा निखळणं मला नवीन नव्हतं. तरुणपणी बैलबंडीवरून पडलो तेव्हा तो पहिल्यांदा निखळला आणि मग त्याला सवयच लागली. तणसाची पेंढी ओढली, निखळला. सदरा काढला, निखळला. गावातला कोणीतरी काखेत टाच देऊन हात ओढायचा, खट्‌कन आवाज यायचा आणि मी चहा पिऊन घरी यायचो. या वेळी मात्र मांडवातल्या चौघांनी ओढूनही तो बसला नाही. चांद्याच्या डॉक्टरांनी बसवला आणि सांगितलं, "आता नागपूरला जाऊन शिवून घ्या. नाहीतर एक दिवस बैलाला हाकलताना हात बैलाबरोबर जाईल."

ते साल पन्नासनंतरचं, नेमकं कोणतं ते आता हिलाच विचारावं लागेल. खांदा शिवतात हे आमच्याकडे कोणाला ठाऊक नव्हतं. छोट्या रेल्वेगाडीत बसताना गावातले लोक असे बघत होते, की जणू मी परत येताना हात तिकडेच ठेवून येणार.

ऑपरेशनचं मला फार काही आठवत नाही. जाग आली तेव्हा उजवा हात छातीशी बांधलेला होता. पुढे दुखणं कमी झालं तसं लक्षात आलं, की दंडाच्या वरच्या बाजूला तळहाताएवढ्या जागेला काहीच कळत नाही. चिमटा काढला तरी दुसऱ्याच्या अंगाला काढल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, शीर दबली असेल, येईल हळूहळू. त्यांनी मुख्य गोष्ट सांगितली ती वेगळी. "हात समोर उचलायचा, भिंतीवर बोटं चढवायची. पण बाजूला नेऊन मागे फेकायचा नाही. यंदाचं पावसाळ्याचं काम विसरा. एकदा उसवलं, तर पुन्हा शिवायला मला काही उरणार नाही."

आमच्या वॉर्डासमोर लांब ओसरी होती. बायकांच्या वॉर्डातली एक बाई तिथे हात हलवायला यायची. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावची. मोहफुलं वेचायला गेली असताना उतारावर घसरली होती, तिचंही माझ्यासारखंच शिवलं होतं. ओणवं होऊन हात घंटेच्या लोलकासारखा झुलवायचा, मग भिंतीवर बोटांनी चढायचं. बोटं जिथवर चढली तिथे ती कोळशाची रेघ ओढायची.

"भाऊ, तुमची रेघ कुठी आहे?"

"ती काय, खाली."

"आँ! पुरुषमाणूस असून?"

"मी हळूहळू जाऊन राह्यलो, बाई."

"बसा मंग हळूहळू. मले अंबाडा बांधाचा आहे. याइनं बांधला का पाहा कसा होते." असं म्हणून तिने मान वळवून दाखवली. नवऱ्याने केसांना सरपणाच्या मोळीसारखी गाठ मारली होती. तो शेजारीच उकिडवा बसून बिडी ओढत होता. त्याला त्या गाठीचा अभिमान असावा.

ती हसायची, मीही हसायचो. पण खरं सांगतो, हसू तोंडापर्यंतच यायचं. काय झालं होतं कोण जाणे. आपण बरे होतोय याचा आनंद नाही, नाही झालो तर काय याची भीती नाही. दंडावरचा बधिरपणा आत सरकत गेल्यासारखा.

घरी आलो तरी तसाच. ही मला आंघोळ घालायची, धोतर नेसवायची, भात कालवून भरवायची. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडेच राहिलेल्या. डाव्या हाताने जेवलेलं त्यांना चालत नव्हतं. मी डावा हात ताटाकडे नेला की त्या ओसरीवरून खाकरत. लोक बघायला येत, बसत, चहा पीत. "हात आहे ना जागेवर?" असं विचारून जात. मी होय म्हणायचो. माझ्या मनात, असेल.

मग पऱ्हे टाकायची वेळ आली. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. आधी एका लहान बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, बी फेकायचं, रोपं वर आली की उपटून मोठ्या बांध्यांत रोवायची. रोवणा बायका करतात. पण बी फेकणं पुरुषाचं काम. आमच्या घरी तर पहिली मूठ घरधन्याने, उजव्या हाताने, हात मागे नेऊन लांब फेकायची. म्हणजे डॉक्टरांनी जे करू नका म्हणून सांगितलं होतं, नेमकं तेच. घरात पुरुष मी एकटा. शेजाऱ्याला सांगितलं असतं, पण आत्याबाई म्हणाल्या, "परक्याच्या मुठीनं बरकत परक्याच्या घरी जाते."

"मग डाव्या हातानं टाकतो."

"डाव्या हातानं? तुया बापानं कधी टाकली होती का डाव्या हातानं?"

बापाचा खांदा शाबूत होता. ही म्हणाली, "आत्याबाई, डॉक्टरनं मना केलं आहे."

"डॉक्टर शेती करते काय?"

झालं. ठरलेल्या दिवशी आम्ही तिघं बांधीवर गेलो. चिखल तयार होता. कुंकू वाहिलं, नारळ फोडला. आत्याबाई बांधाच्या धुऱ्यावर उभ्या राहिल्या. डाव्या काखेत टोपली धरून मी चिखलात उतरलो. उजव्या हाताने मूठ भरली. भिजवलेल्या बियाला मोड आले होते. ते बोटांना कळत होते. खांद्याला मात्र काही कळत नव्हतं. तो टिकेल का उसवेल, हे सांगणारं तिथे आत कोणी नव्हतंच. आणि गंमत पाहा, मला त्याचंही काही वाटलं नाही. उसवला तर उसवला. मी हात बाजूला उचलला आणि मागे न्यायला लागलो.

तेवढ्यात हिने मागून मनगट धरलं. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून ती केव्हा चिखलात उतरली, मला कळलं नाही. तिने माझी मूठ उघडली, बी आपल्या हातात घेतलं, काखेतली टोपली ओढून कमरेवर ठेवली आणि फेकायला सुरुवात केली. तिला फेकता कुठे येत होतं! बी ढिगाढिगाने पडत होतं. बाजूच्या बांधीतला गडी नांगर थांबवून बघत राहिला.

धुऱ्यावरून आत्याबाईंचा आवाज सुरू झाला. मी तिकडे पाहिलं नाही. पाठीमागून तो आवाज एकसारखा येत होता, शब्द कळत नव्हते. मी हात सरळ खाली सोडून चिखलात खुंटासारखा उभा. मनात म्हटलं, शिव्याशाप चालले आहेत. उद्यापासून घरात दोन चुली. तेही नुसतं मनात आलं, तेवढंच. बांधी संपली तेव्हा आत्याबाई घराकडे निघून गेल्या होत्या.

खांदा टिकला. तो अजून आहे, समोर पूर्ण जातो, मागे फार जात नाही. पऱ्हे आले ते इथे दाट झुबका, तिथे टक्कल, पण रोवण्याला पुरले.

त्या दिवशी परतताना नाल्यावर आम्ही पाय धुवायला थांबलो. मी हिला म्हणालो, "आत्याबाई फार बोलल्या असतील."

ती टाचेचा चिखल काढत होती. तिने मान वर केली.

"तुमी तिथंच तर उभे होते," ती म्हणाली. "पूर्ण वेळ सांगून राह्यल्या होत्या मले, बी पातळ टाक पोरी, पातळ टाक, मनगट ढिलं सोड. तुमाले आयकू नाई आलं काय?"