दाजींचा खुराक

टेबल टेनिसच्या टेबलाच्या पाया पडणारा खेळाडू अख्ख्या हिंदुस्थानात एकच झाला, आणि तो माझा धाकटा मेव्हणा. सत्तरच्या दशकातल्या कोल्हापुरात खेळ म्हणजे कुस्ती. सासरे म्हणाले, "अंड्याएवढा चेंडू बडवून कसला रं पुरुषार्थ?" मग यानं टेबल टेनिसच कुस्तीसारखं खेळायला घेतलं. पहाटे जोर-बैठका, खेळण्याआधी टेबलाला हात लावून कपाळाला, आणि जिंकला की असा शड्डू ठोकायचा, की एकदा पुण्याचे पंच दचकून गुण मोजायचे विसरले. हरला तर समोरच्याला "पावणं, जेवूनच जायचं" म्हणत आमच्या घरी घेऊन यायचा. "ह्यानं हरायचं आन् आमी भाकऱ्या थापायच्या!" म्हणत माझी बायको त्या पाहुण्याला तांबडा रस्सा वाढायची.

मी त्याचा वस्ताद. नेमणूक माझी मीच केली होती. बॅट कशी धरतात, हेही मला त्यानंच शिकवलेलं. पण वस्तादानं खुराक बघायचा असतो, एवढं कोल्हापूरकर म्हणून मला ठाऊक होतं. राज्याच्या संघासाठी निवडीचा सामना होता. जिंकला तर खेळू देईन, नाहीतर दुकानात बसायचं, असं सासऱ्यांनी बजावलेलं. त्या सकाळी मी त्याला म्हशींच्या कट्ट्यावर नेलं आणि समोर पिळलेलं फेसाळ दूध चरवीभर पाजलं.

"दाजी, बास की. पोट डबडबलंय."

"पैलवान हाईस न्हवं? पी मुकाट्यानं!"

पहिला गेम त्यानं सहज घेतला. दुसऱ्या गेमपासून तो डावीकडं वळायचा आणि दूध उजवीकडं. शेवटी खेळ अर्धवट टाकून मोरीकडं धावला, पांढराफटक होऊन परतला आणि हरला. "पोरगं कच्चं. घाबरलं," असं बाहेर थांबलेल्या सासऱ्यांना मीच सांगितलं. तो शेजारीच उभा होता. त्यानं बॅट पिशवीत घातली. पुढच्याच आठवड्यात तो सासऱ्यांच्या पेठ वडगावच्या दुकानात बसला.

तो घाबरला नव्हता. सासरे जाईपर्यंत त्यांना हे सांगायचं मला धाडस झालं नाही. "तवा खरं का बोलला न्हाईस?" असं त्यालाच एकदा विचारलं, तर हसून म्हणाला, "वस्तादाला कोण बोल लावतंय व्हय, दाजी?"

अजूनही मी वडगावला मुक्कामी असलो, की सकाळी त्याच्याबरोबर दुकानात जातो. तो माझ्यासाठी चहा मागवतो. दूध कधीच नाही. फळ्या काढल्या की गल्ल्याच्या टेबलाला हात लावून कपाळाला लावतो. गिऱ्हाइकांना वाटतं, लक्ष्मीला नमस्कार केला. मी तेवढ्यात बाकाखाली उगाच चपला शोधत असतो.