बेत्तीनाच्या घरचा जास्तीचा पाव

कल्पना करा, तुम्हाला पाव भाजायचे आहेत. पीठ आदल्या संध्याकाळीच आंबवून ठेवलंय. भट्टीत ऑलिव्हच्या वाळक्या फांद्या पेटवल्या आहेत. आतलं छत आधी काजळीने काळं होतं, मग तापत तापत पांढरं पडतं. तेव्हा निखारे बाजूला ओढायचे, ओल्या फडक्याने तळ पुसायचा आणि लांब दांड्याच्या फळीवरून एकेक गोळा आत सरकवायचा. घाई केली की वरची साल करपते आणि आत कच्चं राहतं. आता यात एकच गोष्ट आणखी धरा. यातला एक पाव तुमच्या मुलाला मारणाऱ्याच्या पोटात जाणार आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. आणि तोही तुम्हाला चांगलाच भाजायचा आहे.

सावेरिया अकरा वर्षं हेच करत होती.

इटलीच्या दक्षिण टोकाला, आस्प्रोमोंतेच्या डोंगरात, गल्लीच्या टोकाला तिचं घर आणि भट्टी; सगळी गल्ली तिच्याकडूनच पाव न्यायची. नवरा लवकर गेला. मागे एकच मुलगा, देमेत्रियो. तो खोदाईचं यंत्र चालवायचा आणि घरी आला की तोंडाचा पट्टा चालवायचा. एकदा शेजारच्या बेत्तीनाने पाण्याची टाकी करायची म्हणून त्याला घरामागे खड्डा खणायला बोलावलं. बेत्तीना एकटी बाई, नवऱ्याने टाकलेली. तिचा भाऊ कोझिमो तेव्हा नुकताच फरार झाला होता. त्याच्या टोळीने काय काय केलंय ते गावाला पाठ होतं, पण ते कुणी म्हणून दाखवत नसे.

रात्री जेवताना देमेत्रियो हसत सुटला. "आई, त्या टाकीत विजेची तार ओढलीय. दिव्याचं बटणसुद्धा बसवलंय!"

"गप जेव," सावेरिया म्हणाली. तिने उठून खिडकी लावून घेतली. "बाहेर बोलू नकोस."

पण चांगला विनोद सुचला की तो पोटात ठेवणं त्याला जमत नसे. दुसऱ्या दिवशी बारमध्ये कॉफी पिताना तो म्हणाला, "आमच्या बेत्तीनाच्या पाण्याला अंधाराची भीती वाटते बरं का!" सगळे खो खो हसले. हसता हसता एकेक जण उठून गेला.

त्याच आठवड्यात देमेत्रियो कामाला म्हणून गेला तो गेलाच. त्याची तीनचाकी गाडी कोरड्या नदीच्या पात्रात सापडली. चावी तशीच लावलेली होती. त्याला आभाळाने गिळलं की जमिनीने, कुणी ब्र काढला नाही. मग गावाने आपापसात ठरवल्यासारखं त्याला जर्मनीला पाठवून दिलं. चर्चच्या पायऱ्यांवर बायका विचारायच्या, "काय गं, जर्मनीहून काही कळलं का?"

"नाही अजून," सावेरिया म्हणायची.

बेत्तीना मात्र त्यानंतर पाव जास्त नेऊ लागली. भट्टीपाशी एकदा एक बाई तिला म्हणाली, "एकटी तर राहतेस. एवढं खातं कोण गं?"

"कोंबड्या."

"दाढीवाल्या का?"

हसू फुटलं आणि लगेच विझलं. सावेरियाने मान वर केली नाही. कोंबड्या पाव खातात, पण पाव करपला तर तक्रार करत नाहीत. बेत्तीना करायची.

पोलिसांना सांगावं, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण पकडलेला माणूस तोंड शिवून घेतो. कोझिमो बेत्तीनाच्या भिंतीपलीकडे आहे तोवर खाल्ल्या मिठाला एखाद्या दिवशी तरी जागेल, बहिणीकडून निरोप धाडेल, 'अमुक ठिकाणी खणून बघ.' तिला न्याय नको होता. मुलाची हाडं हवी होती, त्याच्या बापाशेजारी पुरायला. म्हणून ती पीठ मन लावून मळायची. ईस्टरच्या पावात अंडी घालताना बेत्तीनाच्या पावात एक जास्तच घालायची.

मग एका सकाळी पोलीस आले. बेत्तीनाच्या स्वयंपाकघरातली भिंत फोडली आणि मागच्या त्या टाकीतून कोझिमोला बाहेर काढलं. अंधारात फुटलेल्या बटाट्याच्या कोंबासारखा पांढराफटक झाला होता तो. गल्ली माणसांनी भरली. एका म्हाताऱ्याने पुढे होऊन त्याच्या बेड्या घातलेल्या हाताचं चुंबन घेतलं.

सावेरिया पिठाच्या हातांनीच गर्दीत घुसली.

"कोझिमो, माझा देमेत्रियो कुठाय?"

सगळी गल्ली आपापल्या पायांकडे बघू लागली. कोझिमोने तिला ओळखलं. तो हसला, अगदी घरच्यासारखा.

"मावशी, तुमच्या पावाला तोड नाही. आत गेल्यावर त्याचीच आठवण येईल बघा."

गाडीचं दार लागलं. सावेरिया घरी आली आणि भट्टीतले पाव काढायचं विसरून खुर्चीत बसली. जळल्याचा वास घरभर झाला, तरी उठली नाही. कोझिमोला ठाऊक होतं. कुणाच्या हातचं खातोय, हे त्याला प्रत्येक घासागणिक ठाऊक होतं.

दुपारी बेत्तीना आली. डोळे सुजलेले, हातात झाकलेलं पातेलं. पोलिसांनी तिला जबाब घेऊन तात्पुरतं सोडलं होतं. तिने टेबलावर फडकं अंथरलं, पातेलं ठेवलं, चमचा ठेवला. कोंबडीचा रस्सा होता.

या डोंगरात मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारणी असा रस्सा घेऊन येतात. देमेत्रियो गेला तेव्हा एकही बाई आली नव्हती. रस्सा नेला तर तो मेला असं होतं, आणि मेला म्हटलं की कुणी मारला हे येतं.

"गरम आहे तोवर घे," बेत्तीना म्हणाली.

"म्हणजे तुला तेव्हापासून माहीत होतं."

"मला एवढंच सांगितलं होतं की त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. सावेरिया, मेलेल्या आईची शपथ, जागा मला माहीत नाही. विचारलं असतं तर मीही..."

सावेरियाने चमचा उचलला. एक घोट घेतला, मग दुसरा. अकरा वर्षं जर्मनीत असलेला मुलगा त्या घोटांबरोबर मेला. ती रडली ती तोंडात घोट असतानाच, लहान मूल रडतं तशी. बेत्तीना उभीच होती. बसायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने सावेरियाने तोंड पुसलं.

"बेत्तीना, लाकडं आणायला मी रोज त्याची गाडी सापडली त्या नदीच्या पात्रातून जाते. येताना डोक्यावर भारा असतो, पाय जड पडतात. भावाला भेटायला सोडतील तेव्हा जागा नाही सांगितली तरी चालेल, पण एवढं विचार. मी रोज माझ्या लेकराच्या अंगावरून तर चालत नाही ना?"