बाबा झोपलेत, डबा कुठला घेऊ?

आमच्या गिटारवाल्यांच्या ग्रुपमध्ये माणसं नऊ, पण किस्से नव्वद जणांना पुरतील एवढे साठलेत. लोक ऐकून हसतात. मला अजून संताप येतो. कारण त्यातला प्रत्येक किस्सा घडत होता तेव्हा मिलिंद बिचारा ताटकळत बसला होता!

मिलिंद राहतो अंबरनाथ वेस्टला, दोन खोल्यांत. त्याचे बाबा रात्रपाळी करून सकाळी येतात आणि झोपतात. मिलिंदची ड्युटी दुपारची. म्हणजे प्रॅक्टिसला सकाळ, आणि नेमकी तीच बाबांची झोप! त्याला वसंतदादांच्या भीमगीतांच्या ग्रुपमध्ये वाजवायचं होतं. दादा म्हणाले होते, "मार्चमध्ये ऐकतो तुला. जमलं तर जयंतीला स्टेजवर."

म्हणून मे महिन्यात त्यानं ग्रुपवर विचारलं, "साधा मॉडेलर घेऊ का? सहा हजारांचा?" मॉडेलर म्हणजे मोठमोठ्या अँप्लिफायरचे आवाज पोटात भरलेला डबा. गिटार त्याला जोडायची, हेडफोन कानाला लावायचा. बाहेर आली तर नुसती तारांची टिकटिक.

एवढासा प्रश्न. उत्तर द्यायला ग्रुपला सात महिने लागले!

*

पहिला मेसेज प्रसादचा. हा बदलापुरातल्या मांजर्लीचा, आयटीतला, आणि ग्रुपमधला एकमेव प्रीमियमवाला. "स्वस्तातलं घेशील आणि रडशील. थांब, पैसे जमव, घेशील तर प्रीमियमच घे."

मग सगळ्यांनी तुलनेचे व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. मिलिंद सरळमार्गी, एकेक व्हिडिओ शेवटपर्यंत बघायचा. महिन्याभरानं मी विचारलं, "काय वाजवतोस सध्या?"

"काही नाही ताई. वेळच मिळत नाही. अजून अकरा व्हिडिओ बाकी आहेत."

*

प्रसादच्या डब्यात चारशे आवाज आहेत. एका रविवारी आम्ही मुद्दाम ऐकायला गेलो. त्यानं गिटार जोडली आणि बटणं फिरवायला लागला. हा आवाज जरा पातळ, तो जरा जाड, इकडे थोडा एको. तासाभरानं वहिनींनी आतून जेवायला हाक मारली.

प्रसादनं डबा बंद केला आणि समाधानानं म्हणाला, "चला, टोन तर सेट झाला. वाजवू पुढच्या वेळी!"

मी जेवले नाही. खरंच नाही जेवले.

*

जुलैमध्ये नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं. प्रसाद तळमजल्यावर. त्यानं डबा डोक्यावर धरला आणि तिसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला. परत खाली येईपर्यंत हॉलमध्ये गुडघाभर पाणी. दुपारी ग्रुपवर कोरड्या डब्याचा फोटो. "देवाची कृपा! गिअर सेफ!"

मिलिंदनं विचारलं, "आणि गिटार?"

"ती तरंगतेय. गिटार काय रे, दुसरी मिळेल!"

मी ग्रुप सोडला. दुसऱ्या दिवशी मिलिंदनं हातापाया पडून परत घेतलं.

*

सप्टेंबरमध्ये मीच मिलिंदला उल्हासनगरच्या एका दुकानात ओढून नेलं. काउंटरवरचे काका मला विचारतात, "मॅडम, किसके लिए चाहिए?"

"माझ्यासाठी दाखवा."

"अच्छा. बच्चा कितने साल का है?"

अहो, मी वीस वर्षं वाजवतेय! तिथला साधा डबा जोडला आणि दोन मिनिटं असं वाजवलं की शेजारचा कापडवाला दारात येऊन उभा राहिला. काकांनी टाळ्या वाजवल्या आणि मिलिंदकडे वळून म्हणाले, "वाह भैया! क्या सिखाया है आपने इनको!"

मिलिंदला पहिला कॉर्ड मी शिकवलाय. मी!

डबा तरी घ्यावा, तर तेवढ्यात प्रसादचा फोन. "घेऊ नका! नवीन मॉडेल येतंय, दोन महिने थांबा!" आणि मिलिंद थांबला. खोटं कशाला बोलू, मीही म्हणाले, "बघ बाबा, थांबायचं तर थांब." ते आठवलं की प्रसादपेक्षा स्वतःचाच जास्त राग येतो.

*

उल्हासनगर ते बदलापूर, शुक्रवारी लाईट जाते हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. शुक्रवारी इथे कोणी गिरणीत दळण टाकत नाही. प्रसादनं डिसेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी डब्याचं अपडेट लावलं! सत्त्याऐंशी टक्के झालं आणि लाईट गेली. डबा कायमचा गप्प.

ग्रुपवर तावातावानं मेसेज, "कंपनीनं आधी सांगायला नको?"

मी लिहिलं, "परदेशातल्या कंपनीनं तुला बदलापूरचा शुक्रवार सांगायचा?"

दुसऱ्या दिवशी कोणालाही न विचारता मिलिंद उल्हासनगरला गेला आणि सहा हजारांचा डबा घेऊन आला. हातात उरले तीन महिने.

*

मार्चमध्ये वसंतदादांच्या तालमीच्या हॉलमध्ये आम्ही सगळे जमलो. मिलिंदचे बाबा रात्रपाळी संपवून थेट तिथे आले होते. अंगात युनिफॉर्म, मांडीवर जेवणाच्या डब्याची पिशवी, मागच्या खुर्चीत.

मिलिंदनं तळहाताएवढा डबा दादांच्या स्पीकरला जोडला. प्रसाद माझ्या कानात कुजबुजला, "मोठ्या स्पीकरवर स्वस्तातला माल उघडा पडतो बघ."

"गप बस! एक शब्द बोललास तर हाकलून देईन!"

मिलिंद वाजवायला लागला. दादा पेटी वाजवत गात होते, हा मागून साथ देत होता. गाणं संपलं. दादांनी डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "रविवारी सकाळी तालमीला ये. जयंतीला आपल्याबरोबर."

मिलिंद धावत मागे गेला. "बाबा, तुम्ही पहिल्यांदाच ऐकलंत ना? घरी माझ्या कानाला हेडफोन असतो, तुम्ही झोपलेले असता..."

बाबांनी पिशवी खांद्याला लावली.

"तिसऱ्या कडव्याच्या आधी रोज अडकायचास," ते म्हणाले. "आज नाही अडकलास."