कमांडरने लॅपटॉप उघडला

घरात त्याला सगळे कमांडर म्हणत. ऑनलाइन खेळात त्याने स्वतःच घेतलेलं हे नाव आईने थट्टेने उचललं आणि ते चिकटलं. वय त्रेचाळीस, कपाळ मागे सरकलेलं, पोट पुढे आलेलं. दिवसभर गोदामात पावत्यांवर शिक्के मारायचे आणि संध्याकाळी कानांवर हेडफोन चढवून लांबलांबच्या लोकांना हुकूम सोडायचे. घरात मात्र पंख्याचं बटण दाबायलाही तो बायकोला हाक मारी.

लॅपटॉप नऊ वर्षांचा. गेमिंगचा म्हणून पाटासारखा जाड, कीबोर्डखाली लाल दिवे, त्यातले निम्मे गेलेले. चालू केला की असा घोंघावे की आई स्वयंपाकघरातून म्हणे, "आलं विमान!"

आता त्याची गरज बायकोला पडली होती. एका फर्निचरच्या कारखान्याने तिला तीन स्वयंपाकघरांची चित्रं मागितली होती: ओटा, कपाटं, खण, सगळं मापासकट. सोमवारी दुपारी बारापर्यंत पोचली तर नोकरी तिची, नाहीतर दुसरी बाई तयारच होती. आणि लॅपटॉपवर नुसतं एक कपाट फिरवून बघायला गेलं की स्क्रीन गोठत होती.

गुरुवारी दोघं दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदारीण साठीची, चष्मा दोरीला बांधलेला. तिने एका कागदावर लॅपटॉपच्या पाठीची आकृती काढली आणि जो स्क्रू जिथून निघाला तो कागदावर तिथेच टोचत गेली. आत बघून म्हणाली, "रॅमची एक जागा रिकामी आहे, तिथे पट्टी घाला. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. धूळ काढू, चिप थंड ठेवणारी पेस्ट वाळलीये, ती बदलू. अजून दोन-तीन वर्षं सहज चालेल."

"आणि ग्राफिक कार्ड?" कमांडरने विचारलं.

"ते बोर्डालाच डाख देऊन बसवलंय. बदलता येत नाही."

"सगळ्यांना हेच सांगता वाटतं."

"ज्यांचं तसं असतं त्यांना सांगते. ठेवून जा, उद्या संध्याकाळी न्या."

"नुसती पट्टी आणि एसएसडी द्या. बसवायचं मी बघतो."

"अहो, राहू दे ना इथेच," बायको म्हणाली.

"अगं, दोनशे माणसांची फौज चालवतो मी."

"त्यांचे लॅपटॉप कोण उघडतं?" दुकानदारिणीने विचारलं. झाकण लावून झाल्यावर तिने तो कागद पुढे केला. "हा असू द्या. मधले दोन स्क्रू आखूड आहेत, बाकीचे लांब."

कमांडरने कागद काउंटरवरच राहू दिला.

शनिवारी सकाळी त्याने जेवणाचं टेबल अडवलं. निघतील तसे स्क्रू एका वाटीत टाकले.

"त्या बाई कागदावर लावत होत्या," बायको म्हणाली.

"स्क्रू म्हणजे स्क्रू. तुम्हा बायकांना सगळं मेथी निवडल्यासारखं करायचं असतं."

पट्टी नीट बसली. एसएसडीही बसली. तेवढ्याने तो इतका फुगला की चहा मागितला. मग झाकण लावताना मधला एक स्क्रू खाली जाईना. शहाण्या माणसाने तो काढून पाहिला असता. कमांडरने दात आवळून पिळला. आत काहीतरी करकरलं आणि स्क्रू बसला. लांब स्क्रू, आखूड भोकात, थेट बोर्डात.

बटण दाबलं. दिवा नाही, आवाज नाही.

"विमान पडलं का रे?" आईने आतून विचारलं.

"मुद्दाम करतात हे कंपनीवाले," कमांडर म्हणाला. "वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू द्यायचे म्हणजे माणूस फसतोच." आणि बायकोकडे न बघता फोन काढून तो हेच आपल्या फौजेला सांगत बसला. फौजेने त्याला दुजोरा दिला. ती त्याच कामासाठी होती.

बायको भांडली नाही. भांडायला समोर कोणीतरी असावं लागतं. टेबलावर पडलेली जुनी हार्ड डिस्क तिने रुमालात गुंडाळली आणि चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"ओटा काढायला."

दुकानदारिणीने रुमाल सोडला. डिस्क जोडली, अर्धवट चित्रं सापडली, बायकोचं सॉफ्टवेअर दुकानातल्या मशीनवर चढवलं. शनिवार-रविवार बायको काउंटरमागे स्टुलावर बसून होती. तिसऱ्या स्वयंपाकघरात खण उघडला की फ्रिजच्या दाराला आपटत होता. तो तिने तीनदा मांडला. गिऱ्हाईक आलं की जागा द्यायला उठायची, गेलं की बसायची. सोमवारी साडेअकराला चित्रं गेली. चार वाजता कारखान्यातून फोन आला, पहिल्या तारखेपासून या.

कमांडरने ही बातमी मोठ्या मनाने ऐकली. "बघ, मी अपग्रेड काढलं नसतं तर तू दुकानात गेली असतीस का?" असंही म्हणाला, आणि म्हणताना त्याला जराही हसू आलं नाही.

पहिल्या तारखेला ती डबा भरत होती. "तिथलं मशीन एकदा मला दाखव," तो म्हणाला. "येऊन नजर टाकतो. त्या लोकांना काय कळतंय?"

"सांगते," ती म्हणाली, आणि पत्ता लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये आणखी आत सरकवून बाहेर पडली.