दुसऱ्याचं पाप सांगायचं नसतं

माझा उजवा पाय परातीवर होता. चप्पल काढलेली, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली. फादर हातात तांब्या घेऊन माझ्यापुढे गुडघ्यांवर बसले होते. पाणी पडायच्या आत शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला.

"थांबा फादर."

मिंगेलबाब उभे राहिले होते. आमच्या चर्चचे कारभारी. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाला, त्यांच्याच घरातला माणूस पुढे क्रूस घेऊन चालतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"उठ रे. तुका कोणी सांगल्यान हंय बसाक?"

"फादरांनी," मी म्हणालो.

"फादर नवे आसत. तू नवो आसस काय?"

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. चर्चमध्ये हसू दाबून हसतात, तसं. मग खुर्च्यांवरचे आणखी दोघे-तिघे उठले. पँटी दुमडलेल्या, एका पायात चप्पल, एक पाय उघडा. एरवी मलाही हसू आलं असतं. फादरांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळू म्हणाले, "भाऊ, तुम्ही जरा मागे बसा. आज वाद नको. आजचा दिवस नम्रतेचा आहे."

मी उठलो. चप्पल हातात घेतली. आणि म्हणालो, "सॉरी फादर."

सॉरी मी म्हणालो.

ही गेल्या वर्षीच्या पवित्र गुरुवारची गोष्ट. येशूने मरणाच्या आदल्या रात्री जेवणाच्या वेळी बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळी बारा माणसांना वेदीपुढे बसवतात आणि फादर त्यांचे पाय धुतात. सगळीकडे धुतात. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावरही धुतात. फक्त आमच्याकडे बारा खुर्च्या बारा घरांच्या. घरातला म्हातारा गेला की मुलगा बसतो. मुलगा मुंबईला असला तर पुतण्या. हे कुठे लिहिलेलं नाही. लिहायची गरज पडली नाही.

आम्ही कित्येक पिढ्या ख्रिस्ती आहोत. गाव आम्हाला किरिस्तांव म्हणतं. किरिस्तांव आम्हाला महार म्हणतात. आमची वाडी ओहोळापलीकडे. चर्चची घाट, म्हणजे घंटा, आम्ही वाजवायची, मेलेल्याचा खड्डा आम्ही खणायचा, फेस्ताचा मांडव आम्ही घालायचा. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, शेवटचे बाक आमचे. तेही लिहिलेलं नाही.

मग मी त्या खुर्चीवर बसलोच कसा? चूक साधी होती. फादर वसईकडून नवीन आले होते. त्यांनी वेदीवरून सांगितलं, ज्याची इच्छा असेल त्याने येऊन सांगावं. तशी घोषणा आधीचे फादरही करायचे. ती ऐकायची असते, मानायची नसते. नव्या फादरांना ते ठाऊक नव्हतं, त्यांनी आपलीच घोषणा खरी मानली. मला ठाऊक होतं. तरी मीही मानली. एका घरचा पुतण्या त्या वर्षी येणार नव्हता, एक खुर्ची रिकामी राहणार होती. मी जाऊन सांगितलं. फादर म्हणाले, "छान."

गुरुवारी सकाळी ड्युटी नव्हती. मी एसटीत कंडक्टर आहे. मागल्या दारी नारळाच्या सोडणाने पाय घासत बसलो होतो. बायको बघत होती.

"सांजेक पाद्री धुतलोच मा तुझे पाय? मग इतके कित्याक घासतंस?"

"खराब पाय कसे पुढे करू?"

"मग तू धुतलंस ते पाय पाद्री धुतलो. बरां आसा गो बाय, दोघांयचां काम सोप्पां."

ती हसत होती. खूश होती. तिने माझी पांढरी पँट इस्त्री केली होती.

आता मला माझ्याबद्दल सांगायला हवं. मी भित्रा माणूस आहे. भित्रा म्हणण्यापेक्षा अपराधी. काही बिघडलं की ते माझ्यामुळेच बिघडलं असं मला वाटतं. बस उशिरा सुटली, पाऊस लांबला, कुणी अबोला धरला, माझंच काहीतरी चुकलं असणार. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो की माणूस पाप घेऊनच जन्मतो. बाकीची पोरं ते पाठ करून विसरली. मी ते अंगात घालून घेतलं.

त्याच वर्गात सिस्टरनी कुमसार शिकवला. कुमसार म्हणजे जाळीआड बसलेल्या फादरांना आपली पापं सांगायची, क्षमा मागायची. सिस्टर प्रेमळ होत्या. म्हणायच्या, "बाळांनो, आपलं पाप सांगायचं. दुसऱ्याचं पाप सांगायचं नसतं. ती चुगली झाली."

मी तो नियम तंतोतंत पाळला. फेस्ताच्या दिवशी मिरवणुकीतला क्रूस धरायला मी हात लावला आणि मिंगेलबाबच्या वडिलांनी त्या हातावर छडी मारली. कुमसारात मी सांगितलं, मला राग आला. फादरांनी प्रायश्चित्त म्हणून नमो मारियाच्या प्रार्थना म्हणायला लावल्या. माझ्या बापाला मातीसाठी दफनभूमीच्या कुंपणालगतची जागा दाखवली, जिथे पावसात पाणी साचतं. कुमसारात सांगितलं, फादर, मनात वाईट विचार आले. पुन्हा नमो मारिया. आयुष्यभर असंच. छडी जाळीच्या बाहेर राहिली, साचलेलं पाणी बाहेर राहिलं. आत फक्त माझा राग जायचा. आणि मी त्याची क्षमा मागून, हलका होऊन, शेवटच्या बाकावर येऊन बसायचो.

हलका व्हायचो, हे खोटं नाही. म्हणून तर इतकी वर्षं चाललं.

गुरुवारनंतर शुक्रवारी कामावर गेलो. कसालला उतरणाऱ्या बाईला पुढच्या थांब्याचं तिकीट दिलं. ती म्हणाली, "भाऊ, लक्ष खंय आसा?" लक्ष कुठेच नव्हतं. एक गोष्ट डोक्यात फिरत होती. येशूने धुतले ते पाय कुणाकुणाचे? त्यात यहूदाही होता. तोच त्याला धरून देणार, हे ठाऊक असताना त्याचेही पाय धुतले. त्याला कुणी मागे बस म्हणालं नाही. ही काही माझी विद्वत्ता नव्हे. दरवर्षी ते शुभवर्तमान माझ्यासमोर वाचलं जातं. मी दरवर्षी ऐकलं होतं, मिंगेलबाबनी ऐकलं होतं. फादरांनी तर त्या संध्याकाळी स्वतः वाचलं होतं, तांब्या हातात घ्यायच्या जरा आधी.

शनिवारी कुमसाराला गेलो. ईस्टरच्या आधी जायचंच असतं. गुडघे टेकले. जाळीपलीकडे तेच फादर.

"मला राग आला, फादर."

"कुणाचा?"

हे कधी कुणी विचारलं नव्हतं. मग मी सांगायला लागलो. गुरुवारचं सगळं सांगितलं. मिंगेलबाबचे शब्द, मागचं हसणं.

फादर मधेच म्हणाले, "दुसऱ्यांचं राहू दे. तुम्ही तुमचं सांगा."

"दुसऱ्यांचं नाही फादर. तुमचं सांगतोय. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला उठवलंत ते तुम्ही."

पलीकडे खुर्ची करकरली. मग फादर म्हणाले, "मी नवीन आहे. सगळे उठून गेले असते. गाव सांभाळावं लागतं." आवाज रडवेला होता. वयाने ते माझ्या धाकट्या भावासारखे. मला लगेच वाईट वाटलं. माझी जुनी खोड. ओठांवर सॉरी आलं होतं.

"रागाबद्दल पश्चात्ताप आहे ना?" त्यांनी विचारलं.

होय म्हटलं की सुटलो. एक शब्द. तो शब्द मी बालपणापासून म्हणत आलो होतो.

"नाही," मी म्हणालो.

"मग मी पापमुक्ती देऊ शकत नाही."

"नका देऊ."

उठलो. बाहेर रांगेत बायको उभी होती. तिने माझं तोंड बघितलं आणि रांगेत पुढे सरकली.

ईस्टरच्या मिस्सेला सगळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठले. मी बसून राहिलो; पापमुक्तीशिवाय तो घेता येत नाही. आमच्यात जो उठत नाही त्याने मोठं पाप केलंय असं समजतात. बायको घरी येऊन म्हणाली, "लोक म्हणतत, खंय बाई ठेवल्यान की काय." मी म्हणालो, म्हणू दे. ती दोन दिवस नीट बोलली नाही.

वर्ष तसंच गेलं. मिस्सेला जातो, प्रसाद घेत नाही. हे सोपं नाही. मी विश्वास ठेवणारा माणूस आहे. प्रसादाच्या त्या भाकरीत येशू आहे असं मी खरंच मानतो. दर रविवारी भूक लागल्यासारखं होतं. मधे मुलीच्या कॉलेजसाठी जातीच्या दाखल्याला गेलो, तर कचेरीतला माणूस म्हणाला, "अनुसूचित जातीत तुम्ही बसत नाही. ख्रिस्ती धर्मात जात नसते ना." त्याच्या टेबलासमोर उभा राहून मी काय सांगणार होतो? धर्मात नसते, साहेब. बाकावर असते, मातीत असते. तिथेही मी मान हलवून आलो. मुलीने बघितलं.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात फादर स्वतः वाडीत आले. बरोबर केक आणला होता. म्हणाले, "मी मार्ग काढलाय. यंदा तुमच्या वाडीतल्या क्रुसापाशी वेगळा विधी करू. तुमच्यातले बारा जण. मी स्वतः येऊन पाय धुईन. कुणाचंच मन दुखणार नाही."

वाडी आनंदली. आजवर पाद्री आमच्या वाडीत यायचा तो मेलेल्या माणसासाठीच. माझा चुलतभाऊ नावं मोजायला लागला.

मी म्हणालो, "नको."

"तू कोण रे नको म्हणणारो?" चुलतभाऊ उसळला. "पाद्री घराकडे येतासा, आनि ह्येका खुर्ची व्हयी! मिंगेलबाबच्या मांडयेर बसतंस?"

सगळे हसले. माझेच लोक. फादर मान खाली घालून बसले होते.

"फादर," मी म्हणालो, "येशूने त्या रात्री बाराजणांची दोन वेगळी जेवणं केली होती काय?"

ते उठले. केक तसाच राहिला. ते गेल्यावर वाडीत मला शिव्या पडल्या. अजून पडतात. बायको म्हणाली, "तुझां बरोबर आसा. पण आमकां एकटां पाडलंस." दोन्ही खरं आहे.

पवित्र गुरुवार येत्या आठवड्यात आहे. मी ड्युटी बदलून घेतली आहे. मुलगी बरोबर येते म्हणते. तिला कुणी यायला सांगितलं नाही. शुभवर्तमान वाचून झालं की मी उभा राहणार. जे झालं ते जाळीआड नाही, सगळ्यांसमोर सांगणार. कोण काय म्हणालं, कोण हसलं, कोण उठलं, कुणी मला उठवलं. नावं घेऊन. मिंगेलबाबचं, फादरांचं. मुकाट उठलेल्या माझंही. सिस्टरनी शिकवलेला नियम मी मोडणार आहे, जाणूनबुजून. त्यासाठी मला चर्चमधून बाहेर काढलं तर मी दारात उभा राहून उरलेलं सांगेन. ऐकणारा कुणी नसला तरी सांगेन.

आणि या वेळी कुणाला सॉरी म्हणणार नाही.