वंदनानं पुन्हा माऊस का धरला

"मॅडम, खरं सांगा, ही परीक्षा तिनंच दिली होती ना?"

साहेबांनी आधी केबिनचं दार लोटून घेतलं आणि मग हे विचारलं. टेबलावर वंदना राऊतचं टायपिंगचं सर्टिफिकेट होतं आणि टेबलासमोर मी, त्यांनी ऑफिसात बोलावून घेतलेली. वाशीमला माझा टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास आहे. वंदना माझी विद्यार्थिनी, म्हणजे ती बोगस निघाली तर मीही बोगस. मला राग आला. मला राग यायला फारसं निमित्त लागत नाही, असं आमच्या गल्लीत म्हणतात.

"तिनंच दिली. आणि पहिल्या झटक्यात पास झाली."

"मग एक पत्र टाइप करायला तिला अख्खा दिवस कसा लागतो? आणि काल मी साधं विचारलं, कॉपी करायला कंट्रोलसोबत कोणतं अक्षर दाबतात. नुसती उभी राहिली. शेंबडं पोर सांगेल हो!"

थोडं मागचं सांगते. वंदनाचा नवरा याच ऑफिसात क्लार्क होता. आजारपणात गेला. नोकरीत असताना माणूस वारला तर त्याच्या घरातल्या एकाला नोकरी देतात, त्याला अनुकंपा म्हणतात. मेडशी गावची वंदना अशी नवऱ्याच्या जागेवर आली. पण क्लार्कला टायपिंग यावंच लागतं. ठरलेल्या मुदतीत परीक्षा पास झाली नाही, तर नोकरी जाते. ती वेळेत पास झाली होती. तिला कायम करायची फाइल साहेबांकडे होती, आणि साहेबांना शंका आली होती. त्यांच्या एका शेऱ्यावर तिचं सगळं घर उभं होतं. सासू, दोन मुलं आणि ती.

कंट्रोलच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. वंदना आली तेव्हा टायपिंग भराभर शिकली. घोडं अडत होतं ते माऊसपाशी. टाइप करताना बोटं कीबोर्डच्या मधल्या ओळीवर ठरलेल्या जागी ठेवायची असतात. उजवा हात माऊसकडे गेला आणि परत आला की तिची बोटं एक घर सरकून बसायची. मग पुढचं सगळं वाक्य म्हणजे कुठल्या तरी परग्रहाची भाषा. म्हणून मी तिच्या कॉम्प्युटरचा माऊसच काढून कपाटात ठेवला. कॉपी, पेस्ट, सेव्ह, प्रिंट, सगळं कीबोर्डवरून. यालाच शॉर्टकट म्हणतात.

पण माझ्या क्लासमधल्या कीबोर्डवरची इंग्रजी अक्षरं केव्हाच घासून गेली आहेत, आणि वंदनाच्या बोटांना ओळख होती ती मराठीची. आमच्या मराठी कीबोर्डवर सी आहे तिथे म येतो, व्ही आहे तिथे न. म्हणून मी तिला तसंच शिकवलं. कंट्रोल म, उचललं. कंट्रोल न, ठेवलं. एस आहे तिथे एक मात्रा, म्हणून कंट्रोल मात्रा, सेव्ह झालं. कंट्रोल ज, प्रिंट निघाली. ती बसमध्येसुद्धा मांडीवर बोटं नाचवत हे म्हणायची. शेजारची बाई विचारायची, कोणतं स्तोत्र आहे म्हणून.

"तिच्या बोटाखाली सी नाहीच, साहेब. तिथं म आहे," मी म्हटलं.

साहेबांनी समोरच्या कीबोर्डवर सी शोधला. "बरं, ते मानलं. पण अख्खा दिवस?"

मी म्हटलं, "बघून येते."

वंदनाचं टेबल मोठ्या हॉलमध्ये नव्हतं. मागे जुन्या फायलींची खोली आहे, तिथे होतं, भिंतीकडे तोंड करून. नवरा बसायचा त्या हॉलमध्ये तिला त्रास नको, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

मी दारात उभी राहिले. तिची पाठ माझ्याकडे होती. तिनं माऊस धरला होता. माऊसनं एकेक ओळ हळूहळू निळी केली. राइट क्लिक करून यादी उघडली, यादीत कॉपी शोधलं. खाली गेली, पुन्हा यादी, पुन्हा पेस्ट. पहिल्या दिवशीचे विद्यार्थी करतात तसं. सगळं विसरली की काय? मग तिनं तो संपूर्ण परिच्छेद खोडला आणि तोच पुन्हा टाइप करायला घेतला, तोही न चुकता, खाली न बघता. विसरली नव्हती. काहीच विसरली नव्हती.

"वंदना, हे काय करून राह्यली तू?"

ती दचकून उठली. "मॅडम, तुमी? बसा नं."

"बसतो मंग. माऊस काहून धरला?"

मी स्टूल ओढून बसले. शिकवणाऱ्या माणसाला उत्तराची वाट बघता आली पाहिजे, मला ते फारसं जमत नाही, पण त्या दिवशी बसले.

"कीबोर्डनं केलं का दुपारच्या आंधीच सारं होते, मॅडम," ती म्हणाली.

"चांगलंच आहे मंग."

"मंग बसा लागते नं. संध्याकाळलोक."

"दुसरं काम मांगायचं."

"मांगतलं. हॉलमधले गजूभाऊ म्हनतात, राहू द्या वहिनी, तुमी आराम करा. वाईट नाई कोनी. सारे ह्यायचे दोस्त होते. माह्याशी काय बोलावं थे त्यायले समजत नाई, अन् मले बी नाई. चहा आला का कप इथं आनून ठेवतात. तिकडं हासन्याचा आवाज येते. मी दारात गेली का सारे चुप होतात." तिनं माऊसवर पुन्हा हात ठेवला. "हात चालू राह्यला तं असं वाटत नाई, का आपन एकटे बसलो."

मला हे माहीत होतं. मी लग्न केलं नाही. कारणं लोकांना विचारा, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. रविवारी क्लास बंद असतो. मग मी एकच कीबोर्ड घेते, त्याची बटणं काढते, एकेक बटण कापसानं पुसते आणि दुपार ढकलते. तो स्वच्छच असतो. आणि वंदनाचं सांगायचं तर, ती क्लासला यायची तेव्हा ऑफिस सुटल्यापासून बसच्या वेळेपर्यंत माझ्याकडे असायची. निम्मा वेळ टायपिंग, निम्मा वेळ गप्पा. ती पास झाली तेव्हा मी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, आणि घरी येऊन फार वाईट वाटलं. आता ती येणार नव्हती.

पण रडत बसायला वेळ नव्हता. तिला साहेबांची शंका सांगितली.

"साहेबाले वाटून राह्यलं का परीक्षा दुसऱ्यानंच देल्ली."

तिनं माऊसवरचा हात काढला. "मंग नोकरी जाईन?"

"नाही जात. चाल, दाखव."

मी सांगितल्यावर साहेब स्वतः आले. हाताशी एक किचकट परिपत्रक होतं, तक्त्यासकट. मी माऊसची वायर ओढून काढली आणि माऊस साहेबांच्या हातात दिला. ते माऊस धरून उभे राहिले. साहेबांसोबत हॉलमधली मंडळीही दारात जमली, गजूभाऊ सगळ्यांत पुढे.

वंदनानं पदर खोचला आणि सुरू झाली. मी फक्त बोटं बघत होते. तक्ता आखला, रकाने भरले, जुन्या पत्रातला मजकूर कंट्रोल 'म'नं उचलला, नव्या पत्रात कंट्रोल 'न'नं ठेवला. दुसऱ्या फाइलवर जाऊन आली, ते जाणं-येणंही कीबोर्डवरूनच. एकदाच अडली, एक क्षण, मग ओठ हलले आणि पुढे गेली. हॉलमधला प्रिंटर वाजला तेव्हा दारातली मंडळी मागे वळून बघायला लागली.

साहेबांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "ठीक आहे," ते म्हणाले. साहेब लोकांच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघत नाही. फाइलवर त्याच दिवशी सही झाली.

सही व्हायच्या आधी त्यांनी एक मात्र विचारलं. "मग राऊतबाई, इतके दिवस एकेक पत्राला असा वेळ का लावत होता?"

वंदनानं माझ्याकडे पाहिलं. दारात गजूभाऊ उभे. खरं सांगितलं असतं तर त्या बिचाऱ्यांना लाज वाटली असती आणि वंदनाला त्याहून जास्त. मी म्हटलं, "तिला काम कमी पडतं, साहेब."

"हे या ऑफिसात पहिल्यांदाच ऐकतोय," साहेब म्हणाले, आणि मंडळी हसली. दुसऱ्या दिवसापासून आणखी तीन टेबलांचं टायपिंग त्यांनी वंदनाकडे दिलं.

मधे बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी क्लासचं शटर ओढत होते, तर वंदना आली. काम उरकता उरकता तिची नेहमीची बस गेली होती, पुढच्या बसला वेळ होता. शटर पुन्हा वर केलं, चहा ठेवला. ती दमलेली दिसत होती.

"आता येळच पुरत नाई, मॅडम," ती म्हणाली. "तिघं बी येतात, कागद ठेवतात अन् जातात."

"बोलतात का मंग?"

"बोलतात नं. 'झालं का वहिनी' म्हनतात."

तिनं चहाचा घोट घेतला. "थे बी बोलनंच झालं."

शॉर्टकटनं वेळ वाचतो, एवढं मी शिकवते. वाचलेल्या वेळात कुणाशी बोलायचं, हे माझ्या सिलॅबसमध्ये नाही. त्या दिवशी तिची पुढची बस आली तेव्हा तिनं उठायची घाई केली नाही, आणि मीही तिला आठवण केली नाही. मेडशीला त्यानंतरही एक बस आहे.