एका पानाचं बाळंतपण

कशेळ्याच्या बाजारात एक बाई फुटक्या कपांमधून जाड पानांची इवली रोपं विकायची. तिच्याकडून नेलेलं रोप मी रोज पाणी घालून कुजवलं आणि ओशाळून परत घेऊन गेलो. तिने कप नाकाशी धरला आणि हसली.

"दादा, तुमी माया लई करता. त्याला जरा इसरा की!"

उरलेलं एकच धड पान तिने अलगद खुडलं आणि कोरड्या मातीवर नुसतं आडवं ठेवून मला दिलं.

दीड महिन्याने त्या पानाच्या देठाशी तुरीच्या दाण्याएवढं रोप आलं. मी ते धावतपळत तिला दाखवायला नेलं. तिने शेजारच्या मिरचीवालीला हाक मारली, "बघ गं, दादांकडं बाळ झालंय! पेढे माग!"

मी खरंच समोरच्या दुकानातून पेढे आणले आणि सगळ्या रांगेत वाटले.